ऑनलाइन वस्तू विकताना वाट्टेल तो आकडा सांगणारे ग्राहक: तुम्ही काय करता?

रानजाई

न लागणारी वस्तू अडगळीत टाकून ठेवण्यापेक्षा ज्याला हवी त्याला विकावी, या मताची मी आहे. पुस्तकांचं कपाट, लिहायचं टेबल, सायकल, कॅमेऱ्याचं सामान असं बरंच काही मी ऑनलाइन विकलं आहे. जाहिरात टाकताना हातचं राखून काही ठेवत नाही. सगळ्या बाजूंनी फोटो काढते. ओरखडा असेल तर त्याचा जवळून फोटो देते. किती वापर झाला, काय दुरुस्त केलं, बिल आहे की नाही, सगळं लिहिते. किंमत ठरवताना तीच वस्तू इतरांनी साधारण कितीला विकली ते बघते आणि त्याहून थोडी कमीच लावते.

आणि तरी येणारे मेसेज ठरलेले. "आहे का?" "हो, आहे." "लास्ट किती?" अहो, किंमत वरच लिहिली आहे, तिच्याखाली 'किंमत ठरलेली आहे' असंही लिहिलं आहे. ते सांगितलं की पुढचा मेसेज येतो तो मागितलेल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याचा, आणि वर "आत्ता येतो, रोख देतो". रोख तर सगळेच देतात. त्यात माझ्यावर उपकार कसले?

हा धागा काढायला कारण झालं ते लेन्सचं. एका गृहस्थांशी मेसेजवर किंमत पक्की झाली. जाहिरातीतल्यापेक्षा मी थोडी कमीही केली होती, कारण ते नीट बोलत होते. घरी आले, लेन्स हातात घेतली, मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने मारला आणि म्हणाले, "आत बुरशी दिसते आहे, आता निम्मेच देता येतील." मी त्यांच्या शेजारी उभं राहून बघितलं. धुळीचे दोन-तीन बारीक कण होते, बाकी काच स्वच्छ. मी लेन्स परत घेतली आणि नमस्कार केला. रात्री त्यांचाच मेसेज: "चला, ठरलेल्यात थोडं कमी करा, उद्या येतो." म्हणजे बुरशी नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं.

मला आकडा कमी असल्याचा त्रास होत नाही. परवडत नसेल तर तसं सांगणाऱ्या माणसाशी मी नेहमी बोलते. त्रास होतो तो वस्तू न बघता, जाहिरात न वाचता आकडा फेकण्याचा, आणि त्याहून जास्त शब्द देऊन दारात येऊन तो फिरवण्याचा. तुम्ही अशांना उत्तर देता का? की सरळ ब्लॉक? किंमत आधीच चढवून लावता का?

चक्रधर

चढवूनच लावतो. पंधरा-वीस टक्के. समोरच्याला कमी करून घेतल्याचं समाधान, आपल्याला आपली किंमत. इतका विचार करू नका.

शुभ्रतारा

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. बाळगाडी विकताना मला हाच अनुभव आला. त्यात आणखी एक प्रकार होता. आधी अगदीच कमी आकडा सांगायचा, मी नाही म्हटलं की घरची अडचण सांगायची, तरी नाही म्हटलं की "इतकी जुनी गाडी कोण घेणार आहे तुमची" असं म्हणून जायचं. एकाच माणसाकडून एका तासात हे सगळं. खरंच अडचण असलेल्या माणसाला मी ती तशीच दिली असती. पण अडचण सांगणारा माणूस दहा मिनिटांत माझ्या वस्तूला नावं ठेवायला लागला, तर मी कशावर विश्वास ठेवायचा?

पुढे तीच गाडी एका जोडप्याने जाहिरातीतल्या किमतीला नेली. त्यांनी विचारलेले प्रश्न: चाकं निघतात का, घडी केल्यावर किती जागा लागते, ब्रेक दोन्ही चाकांना आहे का. ज्याला वस्तू हवी असते तो वस्तूबद्दल विचारतो.

रानजाई

शुभ्रतारा, हो, हेच.

चक्रधर, तुमचा उपाय मला माहीत आहे, बरेच जण तेच करतात. पण मला तो पटत नाही, आणि का ते सांगते. किंमत वीस टक्के चढवली की घासाघीस करणारा ती खाली आणतोच, त्याचं काही जात नाही. भुर्दंड कोणाला? जो माणूस जाहिरात नीट वाचतो, किंमत योग्य आहे असं मानतो आणि निमूटपणे पूर्ण पैसे देतो, त्याला. म्हणजे सगळ्यात सरळ वागणाऱ्या ग्राहकाकडून मी सगळ्यात जास्त पैसे घ्यायचे आणि ज्याने माझा वेळ खाल्ला त्याला सूट द्यायची. हे मला जमणार नाही.

तळटीप

ताईंचा मुद्दा नुसता नैतिक नाही, व्यवहाराच्या अंगानेही त्यात तथ्य आहे. थोडं विस्ताराने लिहितो, कारण या विषयावर चांगला अभ्यास झालेला आहे.

ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळावर 'बेस्ट ऑफर' नावाची सोय आहे. ग्राहक आपला आकडा सांगतो, विक्रेता उलट आकडा सांगू शकतो. अर्थशास्त्रज्ञांनी अशा २.५ कोटींहून अधिक जाहिरातींवरची घासाघीस तपासली. २०२० मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ठळकपणे दिसलेली एक गोष्ट म्हणजे लोकांना दोन आकड्यांच्या बरोबर मधला आकडा सुचवायला आणि स्वीकारायला आवडतं. 'तुमचंही नको, माझंही नको' असं म्हणतो ना आपण, तेच. आता तिसऱ्या हिश्श्याचा आकडा का येतो ते बघा. तुम्ही १०० मागितले, त्याने ३० म्हटलं, तर मध्य ६५. त्याने ८० म्हटलं असतं तर मध्य ९०. त्याला ३० मध्ये वस्तू मिळेल असं त्यालाही वाटत नसतं. त्याला मध्य खाली ओढायचा असतो. म्हणून अशा आकड्याला उलट आकडा सांगायचाच नाही. सांगितलात की मध्य त्याच्या बाजूला सरकलाच.

दुसरा अभ्यास त्याच संकेतस्थळावरचा, २०१९ चा. ज्यांनी शंभर डॉलरच्या पटीत, म्हणजे गोल आकड्यात किंमत लावली, त्यांना त्याच्या आसपासची नेमकी किंमत लावणाऱ्यांपेक्षा ५ ते ८ टक्के कमी रकमेचे प्रस्ताव आले. पण ते ६ ते ११ दिवस लवकर आले आणि वस्तू विकली जाण्याची शक्यताही ३ ते ५ टक्के जास्त होती. गोल आकडा बघून ग्राहकाला कळतं की हा माणूस घाईत आहे, थोडं कमी करेल. ज्याला घाई नाही त्याने गोल आकडा टाळावा. गोल आकड्याच्या थोडी खालची, नेमकी किंमत लावली तर ती विचार करून ठरवली आहे असं वाचणाऱ्यालाही वाटतं.

आणि पहिल्या आकड्याचा आपल्या मनावर परिणाम होतोच. ट्वर्स्की आणि काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये हे दाखवलं. आकडे लिहिलेलं चाक फिरवून लोकांसमोर एक असंबद्ध संख्या आणली आणि मग संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देशांचं प्रमाण किती टक्के असेल, असं विचारलं. १० आकडा बघितलेल्या गटाचा मधला अंदाज २५ होता, ६५ बघितलेल्यांचा ४५. चाकावरच्या आकड्याचा प्रश्नाशी काडीचा संबंध नव्हता, तरी! पुढे २००१ मध्ये गॅलिन्स्की आणि मुसवायलर यांनी वाटाघाटींवर प्रयोग केले. पहिला आकडा सांगणारा फायद्यात राहतो, पण ऐकणाऱ्याने आपलं उद्दिष्ट मनात घट्ट धरलं तर तो फायदा नाहीसा होतो, असं त्यांना आढळलं. म्हणून खालची हद्द जाहिरात टाकण्याआधी कागदावर लिहून ठेवावी. मेसेज आल्यावर ठरवू नये.

निळासावळा

सगळं ठीक आहे, पण यात अपमान कुठे आला? व्यवहार आहे. तो कमी सांगणार, तुम्ही जास्त सांगणार. नाही पटलं, नाही म्हणा आणि सोडा. आकडा सांगितल्याने कोणाचं काय जातं?

शुभ्रतारा

वेळ जातो हो. एकाला नाही म्हणायला काही लागत नाही. पण दिवसभरात असे लोक ओळीने येतात, काम करता करता प्रत्येकाला उत्तर द्यायचं, आणि त्यातला जो खरा घेणारा असतो त्याचा मेसेज त्या गर्दीत खाली जातो.

तळटीप

निळासावळा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर प्रयोगांतून मिळतं. जर्मनीत वर्नर ग्यूट आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक प्रयोग मांडला. एकाला ठरावीक रक्कम द्यायची. त्याने त्यातला किती भाग दुसऱ्याला द्यायचा ते सुचवायचं. दुसरा हो म्हणाला तर तशी वाटणी, नाही म्हणाला तर दोघांच्याही हाती काही नाही. नुसता हिशेब बघितला तर दुसऱ्याने मिळेल ते घ्यावं, काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं. पण लोक तसं करत नाहीत. वाटा अगदीच कमी, पाचव्या हिश्श्याहून खाली गेला की बरेच जण स्वतःचं नुकसान सोसून नाही म्हणतात. पुढे हा प्रयोग अनेक देशांत झाला.

२००३ मध्ये हाच खेळ खेळताना लोकांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं गेलं. अन्यायकारक वाटणी समोर आली की मेंदूतला इन्सुला हा भाग जास्त सक्रिय होत होता. किळस आणि वेदना यांच्याशी या भागाचा संबंध जोडला जातो. तीच वाटणी माणसाऐवजी संगणकाने सुचवली आहे असं सांगितलं की नकार कमी येत आणि ती प्रतिक्रियाही सौम्य असे. म्हणजे राग आकड्याचा नसतो. आपल्यासारख्या माणसाने आपल्याला असा आकडा सांगावा, याचा असतो. रानजाई ताईंनी पहिल्याच पोस्टमध्ये नेमकं हेच लिहिलं आहे.

यातून एक सोपी गोष्ट निघते: नाही म्हणायचं काम यंत्रावर सोपवावं. ईबेवर विक्रेता किमान आकडा आधीच भरून ठेवू शकतो, त्याखालचे प्रस्ताव आपोआप नाकारले जातात. तुम्ही वापरता त्या ठिकाणी ती सोय नसेल तर फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवा आणि तीच चिकटवा. दर वेळी नव्याने उत्तर लिहायला बसलं की दर वेळी नव्याने राग येतो.

अवलिया

मी दुसऱ्या बाजूने लिहितो. मी जुन्याच वस्तू घेतो आणि हो, कमी आकडा सांगतो. एकदम तिसरा हिस्सा नाही, पण कमी सांगतो. कारण फोटोत दिसतं ते सगळं चकचकीत असतं आणि वस्तू घरी आल्यावर आत काय निघेल याची खात्री नसते. जुन्या मोबाइलची बॅटरी, सायकलची साखळी आणि दातेरी चकत्या, ट्रेडमिलचा पट्टा, हे झिजणारे भाग असतात. ते बदलायचा खर्च माझ्याच खिशातून जाणार. नवी वस्तू घेतली तर वॉरंटी असते, परत करता येते. इथे काहीच नाही. त्या जोखमीची किंमत मी आधीच कापून घेतो. यात विक्रेत्याचा अपमान करायचा हेतू नसतो.

आणि विक्रेतेही काही कमी नसतात. "नवीन केवढ्याला घेतली होती माहीत आहे का?" हे मी किती वेळा ऐकलं आहे. तुम्ही केवढ्याला घेतली याच्याशी आज तिची किंमत काय, याचा संबंध थोडाच असतो.

रानजाई

अवलिया, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. विक्रेत्याला स्वतःची वस्तू जास्त मोलाची वाटते हे मान्य.

तळटीप

त्यालाही पुरावा आहे. १९९० मध्ये काहनेमान, नेट्श आणि थेलर यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला कॉफीचे मग दिले आणि दुसऱ्याला दिले नाहीत. ज्यांच्या हातात मग होता त्यांनी तो विकण्यासाठी सांगितलेली किंमत ही घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट होती. सगळे मग सारखेच, आणि ते मिळून फार वेळही झाला नव्हता. म्हणून जाहिरातीत लावलेल्या किमती बघून आपली किंमत ठरवू नये, प्रत्यक्षात विकल्या गेलेल्या वस्तूंच्या किमती बघाव्यात. ताई तेच करतात.

पण अवलिया, तुमच्या जोखमीच्या मुद्द्याची दुसरी बाजूही आहे. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लेख लिहिला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. त्यांचं म्हणणं असं: चांगली गाडी कोणती आणि खराब कोणती हे ग्राहकाला ओळखता येत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच सरासरी भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारातून उठतो. मागे खराब गाड्याच उरतात आणि भाव आणखी पडतो. तुम्ही सगळ्यांकडूनच जोखीम कापून घेतली तर ज्यांनी वस्तू जपून वापरली ते लोक विकायला येणारच नाहीत.

अवलिया

मान्य आहे. पण मग मला ओळखता यावं असं काहीतरी विक्रेत्याने द्यायला हवं ना? 'उत्तम स्थितीत' असं तर प्रत्येक जण लिहितो.

दुर्बीण

अवलिया, तुम्ही नेमकं बोललात. मी बरीच वर्षं वापरलेल्या लेन्स घेतो आणि विकतो, म्हणून ताईंच्या लेन्सबद्दल लिहितो.

काचेच्या आत धुळीचे कण जवळजवळ प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असतात. टॉर्च मारला की ते सुटे, ठिपक्यांसारखे चमकतात. फोटोवर त्यांचा परिणाम होत नाही म्हटलं तरी चालेल. बुरशी वेगळी दिसते. ती धाग्यासारखी असते, एका ठिकाणाहून फांद्या फुटल्यासारखी पसरते, बऱ्याचदा काचेच्या कडेकडून आत येते. तिसरा प्रकार म्हणजे धुरकटपणा. टॉर्च मारल्यावर सगळी काच दुधाळ दिसते, आणि उजेडाच्या दिशेने काढलेले फोटो फिके येतात. ज्याने एकदा तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी बघितले तो धुळीला बुरशी म्हणणार नाही. तुमच्याकडे आलेल्या गृहस्थांना टॉर्च मागून मारायचा असतो हे माहीत होतं, म्हणजे फरकही माहीत असणार.

उपाय एकच. टॉर्चचा फोटो तुम्हीच काढून जाहिरातीत टाका. खोलीत अंधार करा, लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) पूर्ण उघडा, मागून उजेड टाका आणि समोरून तिरका फोटो घ्या. कण दिसू द्या. त्याखाली लिहा: 'आत धुळीचे दोन-तीन कण आहेत, फोटोत दिसत आहेत, बुरशी नाही.' जे दोष दाखवून दारात भाव पाडायचा असतो, तेच दोष आधीच किमतीत धरले आहेत असं लिहून टाकायचं. मग बोलायला जागा राहत नाही. आणि अवलियांसारख्या ग्राहकाला जे हवं आहे तेही मिळतं.

इतर वस्तूंनाही हेच लागू. मोबाइल असेल तर सेटिंगमधला बॅटरीच्या क्षमतेचा आकडा दिसेल असा स्क्रीनशॉट. सायकल असेल तर साखळीचा आणि चकत्यांच्या दातांचा जवळून फोटो. यंत्र असेल तर ते चालू असतानाचा छोटा व्हिडिओ, आवाजासकट.

निळासावळा

हे आवडलं. दारात येऊन बोलणं फिरवणं मलाही पटत नाही, ते मात्र घासाघिशीत बसत नाही. शब्द दिला की दिला.

शुभ्रतारा

एक काळजीची गोष्ट सांगते, कारण या गर्दीतच ती लपलेली असते. सगळे कमी आकडा सांगत असताना एखादा पूर्ण किंमत लगेच मान्य करतो, वस्तूबद्दल एकही प्रश्न विचारत नाही आणि म्हणतो, "मी बाहेरगावी आहे, पैसे आत्ता पाठवतो, माणूस येऊन घेऊन जाईल." दमलेल्या माणसाला हे ऐकून इतकं बरं वाटतं की तो लक्ष देत नाही. मग कोड स्कॅन करायला सांगतात, नाहीतर पिन टाकायला. पैसे घेण्यासाठी आपला पिन किंवा ओटीपी कधीच द्यावा लागत नाही. दुसरा प्रकार म्हणजे 'चुकून जास्त पैसे पाठवले, वरचे परत करा' असं सांगणं, आणि सोबत बनावट मेसेज किंवा स्क्रीनशॉट. खात्यात पैसे जमा झालेले स्वतः बँकेच्या ॲपमध्ये बघितल्याशिवाय वस्तू हातातून सोडू नका.

आणि अनोळखी माणसाला घरी बोलावण्यापेक्षा वर्दळीच्या ठिकाणी दिवसा भेटा. मोठी वस्तू असेल तर घरात दुसरं कोणीतरी असताना बोलवा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. दुर्बीण, टॉर्चच्या फोटोची सूचना फारच उपयोगी आहे. जाहिरात पुन्हा लिहिली, मजकूर असा:

'लेन्स स्वतः वापरलेली. आत धुळीचे दोन-तीन कण, टॉर्च मारून काढलेला फोटो दिला आहे. बुरशी नाही, धुरकटपणा नाही. फोकसची कडी सहज फिरते. बाहेरच्या रंगाला एका ठिकाणी ओरखडा, फोटो दिला आहे. या सगळ्याचा विचार करून किंमत लावली आहे. प्रत्यक्ष बघून, कॅमेऱ्याला लावून खात्री करून घ्या. भेटल्यावर किंमत बदलणार नाही.'

आणि मेसेजला चिकटवायची ओळ: 'नमस्कार, या किमतीत देता येणार नाही. जाहिरातीतली किंमत मान्य असेल तर कधी बघायला येता ते कळवा.' उलट आकडा सांगायचा नाही, नकाराचं कारणही द्यायचं नाही. पुन्हा आकडाच आला तर पुढे उत्तर नाही. ब्लॉक फक्त अपशब्द वापरणाऱ्याला.

चक्रधर, तुमचं अजूनही तेच मत आहे का, हे ऐकायला आवडेल.

चक्रधर

लहान वस्तूंसाठी ताईंचं पटतं. पण मला घर बदलायचं आहे. सोफा महिनाअखेरीस गेलाच पाहिजे. टॉर्च मारून दाखवण्यासारखं त्यात काही नाही. तिथे ठरलेली किंमत धरून बसलो तर सोफा आणि मी दोघंही तिथेच. म्हणून चढवून लावतो आणि येईल त्याच्याशी बोलतो.

तळटीप

घाई असेल तर आकडा गोल ठेवा आणि कमी तुम्हीच करा, पण मेसेजमध्ये नाही, जाहिरातीत. 'अमुक तारखेपर्यंत ही किंमत, त्यानंतर इतकी' असं उघड लिहा. म्हणजे सवलत तारखेमुळे मिळते आणि सगळ्यांना सारखी मिळते. ज्याला सोफा खरंच हवा आहे तो शेवटच्या तारखेपर्यंत थांबत नाही, दुसऱ्याने नेला तर काय ही धास्ती त्याला असते. 'जो आधी थोडी रक्कम पाठवेल त्याच्यासाठी राखून ठेवेन, न आल्यास ती परत मिळणार नाही' हेही त्यातच लिहा. नुसतं "येतो, येतो" म्हणणारे तिथेच गळतात.

चक्रधर

तारखेचं आधी सुचलं नव्हतं. उद्या तसंच टाकतो. इसार किती मागावा?

शुभ्रतारा

दहावा हिस्सा पुरे. आणि घेतल्यावर जाहिरातीवर लगेच 'राखून ठेवला आहे' असं लिहा, नाहीतर बाकीच्यांचे मेसेज थांबत नाहीत.